एआयने काढलेली चित्रं बघायची कशी, आणि त्यावर 'संशोधन' करणारे कलाकार नक्की काय शोधतायत?

तिरपी रेघ

आधी दोन किस्से सांगते, मग मुद्द्यावर येते. २०२३ च्या एप्रिलमध्ये बोरिस एल्डागसेन या जर्मन फोटोग्राफरला सोनी वर्ल्ड फोटोग्राफी अवॉर्ड्समध्ये क्रिएटिव्ह गटाचं बक्षीस मिळालं. जुनाट दिसणारा ब्लॅक अँड व्हाइट फोटो, दोन बायका, एक पुढे आणि दुसरी तिच्या खांद्याआड. हा माणूस लंडनच्या कार्यक्रमात स्टेजवर गेला आणि म्हणाला की हा फोटो नाहीच, हे एआयने केलंय, बक्षीस मला नको. पुढच्या वर्षी बरोब्बर उलटं झालं. माइल्स ॲस्ट्रे या फोटोग्राफरने फ्लेमिंगोचा खराखुरा फोटो '१८३९ अवॉर्ड्स' नावाच्या फोटो स्पर्धेच्या एआय गटात पाठवला. पक्ष्याने पोट खाजवायला मान खाली घातलीय त्यामुळे डोकं दिसतच नाही, नुसता गुलाबी गोळा आणि पाय. त्याला परीक्षकांचं तिसरं बक्षीस मिळालं, लोकांच्या मतांचंही मिळालं, मग त्यानेच खरं सांगितलं आणि तो बाद झाला.

दोन्ही ठिकाणी परीक्षक म्हणजे चित्रं बघण्यात ज्यांचं आयुष्य गेलंय अशी माणसं. तरी त्यांनी आधी गटाचं नाव बघितलं आणि मग चित्रात तेच दिसायला लागलं. मला यातून असं वाटतं की बोटं मोजा, कानातले बघा, सावली तपासा हा जो 'ओळखा पाहू' चा खेळ आपण खेळतो त्याला फार भविष्य नाही, दर नव्या एआय मॉडेलबरोबर त्या चुकांच्या खुणा पुसल्या जातायत. त्यापेक्षा विचारायचा प्रश्न हा की हे चित्र कशाकशातून आलं.

आणि हा प्रश्न कलाकारच नीट विचारतायत. ॲना रिडलरने २०१८ मध्ये नेदरलँड्समध्ये ट्युलिपच्या एका हंगामात दहा हजार फुलांचे फोटो काढले, प्रत्येकाखाली रंग, पाकळ्यांवर पट्टे आहेत का, फूल उमललंय का हे हाताने लिहिलं, आणि ते सगळे फोटो भिंतीवर लावले. म्हणजे मशीनला शिकवायला जो डेटासेट, म्हणजे नोंदी केलेल्या चित्रांचा साठा, लागतो तोच कलाकृती. त्यावरून पुढे तिने एआयची ट्युलिप केली ज्यांचे पट्टे बिटकॉइनच्या भावाप्रमाणे बदलतात, १६३० च्या दशकात डच लोक अशाच पट्टेवाल्या फुलांच्या कंदांवर सट्टा खेळले होते आणि ते पट्टे एका व्हायरसमुळे यायचे. त्या भिंतीचे फोटो बघा, प्रत्येक अक्षर माणसाचं आहे, कुठेतरी गुलाबी म्हणायचं की जांभळं यात ती अडलेली असणार हे कळतं.

एरिक साल्वाजिओ हा कलाकार तर म्हणतो की एआयचं चित्र डेटासेटचा तक्ता समजून वाचा. त्याने डाल-ईकडून (ओपनएआय कंपनीचं चित्रं काढणारं एआय) चुंबन घेणारी माणसं मागितली तर ओठ धड जुळत नाहीत, चेहरे अवघडलेले. का, तर कामुक वाटेल असं बरंच काही कंपनीने आधीच गाळून टाकलं होतं. जे गाळलं तेही चित्रात दिसतं! माझं ठाम मत, आज कलेत याहून महत्त्वाचं काम क्वचितच कुठे चाललंय. तुम्हाला काय वाटतं?

निळीशाई

ताई, अजिबात सहमत नाही. मी लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं काढते, हेच माझं पोट आहे. लायन-५बी नावाचा जो डेटासेट आहे, ज्यावर स्टेबल डिफ्यूजन हे चित्रं काढणारं एआय उभं राहिलं, त्यात ५८५ कोटी चित्रं आणि त्यांच्या वर्णनाच्या ओळी आहेत, त्यातल्या एकाही चित्रकाराला कुणी विचारलेलं नाही. आणि आपण इथे बसून त्यातून निघालेल्या चित्राचा अर्थ काय, त्याचं वाचन कसं करायचं यावर चर्चा करायची? चोरीचा माल आहे तो, त्याचं रसग्रहण कसलं करताय. तुम्ही जितकं गंभीरपणे त्याकडे बघाल तितकी त्याला प्रतिष्ठा मिळते, गॅलरी मिळते, संग्रहालय मिळतं.

२०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात रेफिक अनाडोल या कलाकाराने एआयने केलेलं ते भलंमोठं हलणारं रंगीत काम लागलं, त्यांच्याच संग्रहाच्या डेटावर केलेलं. लोक तासन्‌तास बघत बसायचे. जेरी सॉल्ट्झसारख्या समीक्षकाने त्याला स्क्रीनसेव्हर म्हटलं तरी पुढे संग्रहालयाने ते ठेवूनच घेतलं. 'संशोधन' हा शब्द लावला की सगळं चालतं असं झालंय.

शून्यसंच

मशीन लर्निंगमध्ये काम करतो म्हणून फक्त तांत्रिक बाजूवर बोलतो. 'एआयचं चित्र म्हणजे डेटासेटचा तक्ता' हे ऐकायला छान आहे पण अर्धंच खरं आहे. डेटासेट आणि तुमच्या स्क्रीनवरचं चित्र यांच्यामध्ये खूप टप्पे असतात. स्टेबल डिफ्यूजनचंच घ्या, आधी सगळा ढीग, मग त्यातून 'सुंदर' चित्रं वेगळी काढली, आणि ती काढली एका दुसऱ्या मॉडेलने, जे काही लोकांनी एक ते दहा असे गुण दिलेल्या चित्रांवर शिकलेलं होतं. म्हणजे ती जी गुळगुळीत, सोनेरी उजेडाची चित्रं येतात त्यात त्या गुण देणाऱ्यांची आवडही मिसळलेली आहे.

त्यात परत तुम्ही एआयला जे वाक्य लिहून देता त्यात कंपन्या गुपचूप शब्द घालतात. २०२२ मध्ये ओपनएआयने डाल-ईमध्ये विविधता यावी म्हणून हे केलं तेव्हा लोकांनी 'हातात पाटी धरलेला माणूस, पाटीवर लिहिलंय' एवढंच लिहून वाक्य अर्धवट सोडलं, तर पाटीवर कंपनीने मागून जोडलेले शब्द उमटले. २०२४ च्या फेब्रुवारीत गुगलच्या जेमिनी या एआयने दुसऱ्या महायुद्धातले जर्मन सैनिक कृष्णवर्णीय आणि आशियाई दाखवले, मग माणसांची चित्रं काढणंच काही महिने थांबवावं लागलं. आता हे चित्र डेटासेटबद्दल काय सांगतं? काहीच नाही, ते त्या कंपनीच्या धोरणाबद्दल सांगतं. कलाकार समोरचं चित्र बघून पार डेटासेटपर्यंत उडी मारतात तेव्हा मधलं सगळं त्यांच्या नजरेतून सुटतं, आणि मधलं जे आहे तिथेच बरेचसे निर्णय माणसांनी घेतलेले असतात.

सांजवारा

मी कलेतला नाही, साधा वाचक. पण २०२३ मध्ये रेस्ट ऑफ वर्ल्ड या बातम्यांच्या साइटने मिडजर्नी या चित्रं काढणाऱ्या एआयकडून 'भारतीय माणूस' अशी चित्रं काढून घेतली होती ती मी बघितलीयत, जवळजवळ सगळीकडे तोच पांढऱ्या दाढीचा, पागोट्याचा म्हातारा. बाई जवळपास नाहीच. ते बघून मी स्वतः नऊवारीतली बाई मागून बघितली तर जी आली तिच्या अंगावर काहीतरी लेहंग्यासारखं, कासोट्याचा पत्ता नाही, आणि मागे कुठलातरी राजस्थानी वाडा. हे मला कुठल्याही कलाकाराने न सांगता दिसलं. मग कलाकार नक्की काय वेगळं करतात हे कळेल का? खरंच विचारतोय.

तिरपी रेघ

@शून्यसंच, तुम्ही जे सांगताय ते माझ्या म्हणण्याला जोडून घेते, मधले टप्पेही वाचायचेच. पण दादा, ती पाटीची युक्ती कुणाची होती? चित्राशी खेळत बसलेल्या लोकांची. चित्रावरूनच त्यांना आतला कारभार सापडला. 'मधलं सगळं सुटतं' हे मला म्हणूनच पटत नाही.

@सांजवारा, चांगला प्रश्न आहे. तुम्हाला नऊवारी माहितीये म्हणून कासोटा नाही हे दिसलं. ज्याला माहीत नाही त्याला ते चित्र बरोबरच वाटणार, आणि पुढच्या डेटासेटमध्ये तेच चित्र 'नऊवारी' म्हणून जाणार. कलाकार काय करतो ते मिने अटाइरू या कलाकाराच्या कामावरून सांगते. १८९७ मध्ये ब्रिटिशांनी बेनिनचा राजवाडा (आजच्या नायजेरियातला) लुटला, राजाला हद्दपार केलं, हजारो 'ब्रॉन्झ' (धातूच्या ओतीव कलाकृती) युरोपात नेले. १९१४ पर्यंत म्हणजे सतरा वर्षं गादी रिकामी, आणि राजासाठी काम करणाऱ्या ओतारी कलाकारांची परंपरा त्या काळात खंडित झाली. अटाइरू स्वतः नायजेरियन. तिने त्या लुटलेल्या ब्रॉन्झचेच फोटो घेऊन मॉडेल शिकवलं आणि त्या रिकाम्या सतरा वर्षांत काय घडवलं गेलं असतं ते काढून बघितलं. ते मुखवटे खरे नाहीत आणि ती ते खरे म्हणून दाखवतही नाही. ते बघताना बघणाऱ्याला सतत कळत राहतं की हे जे समोर आहे ते एका लुटीच्या नोंदवहीतून आलंय, संग्रहालयांनी ज्या बाजूने, ज्या उजेडात फोटो काढले तेवढंच मशीनला माहिती आहे.

@निळीशाई, तुमचा चोरीचा मुद्दा इथे किती थेट येतो बघा. ती चोरीबद्दलच बोलतेय, चोरांच्या कॅटलॉगमधून. याला रसग्रहण कसं म्हणायचं?

निळीशाई

अटाइरूचं काम मला माहीत नव्हतं, शोधून बघितलं, आवडलं. पण ते तिचं आहे म्हणून. तिचा वारसा, तिचा राग, तिने निवडलेले फोटो. रिडलरनेही फुलं स्वतः टिपली. म्हणजे तुम्ही जी चांगली उदाहरणं देताय ती सगळी अशा लोकांची आहेत ज्यांनी तयार माल न वापरता स्वतःचा डेटासेट बांधला. यावरून माझंच म्हणणं सिद्ध होतं.

आणि डेटासेट 'उघडा पाडणाऱ्या' कलाकारांबद्दलही एक सांगायचंय. संशोधक केट क्रॉफर्ड आणि कलाकार ट्रेव्हर पॅग्लनने २०१९ मध्ये इमेजनेट या चित्रांच्या मोठ्या डेटासेटवर ते 'इमेजनेट रूलेट' केलं, आपला फोटो टाकायचा आणि मशीन आपल्याला कुठल्या खणात टाकतं ते बघायचं, लोकांना गुन्हेगार काय, वंशावरून शिव्या काय, वाट्टेल ती लेबलं लागली. मोठा गाजावाजा झाला, इमेजनेटवाल्यांनी माणसांची सहा लाख चित्रं काढून टाकायचं जाहीर केलं. इथपर्यंत उत्तम. पण त्याच वेळी मिलानमध्ये प्राडा फाउंडेशनच्या प्रदर्शनात त्यांनी दहा जपानी बायकांच्या चेहऱ्यांचा एक जुना संशोधनाचा डेटासेट भिंतीवर लावला. तो ज्याने तयार केला त्या मायकेल लायन्सने नंतर लेख लिहून विचारलं की या बायकांची परवानगी कुणी घेतली? त्यांनी संशोधनासाठी चेहरे दिले होते, फॅशन कंपनीच्या आर्ट गॅलरीसाठी नाही. संमतीशिवाय चेहरे वापरतात म्हणून दुसऱ्यांना बोल लावायचा आणि स्वतः तेच करायचं, हे मला गंभीर वाटतं.

फिल्मरोल

बरीच वर्षं बातम्यांसाठी फोटो काढले, आता निवृत्त आहे. इथे सगळे मशीनच्या आत डोकावतायत पण बघणाऱ्याबद्दल कुणी बोलत नाहीये, तर ते बोलतो.

योनास बेंडिक्सन हा मॅग्नम या नावाजलेल्या फोटो संस्थेचा फोटोग्राफर. उत्तर मॅसेडोनियातलं वेलेस गाव, जिथून २०१६ च्या अमेरिकन निवडणुकीत खोट्या बातम्यांचे कारखाने चालले, त्यावर त्याने २०२१ मध्ये पुस्तक काढलं. जागा खऱ्या, त्याने तिथे जाऊन टिपलेल्या. माणसं मात्र कॉम्प्युटरवर बनवलेले थ्रीडी पुतळे, आणि लेख मशीनने लिहिलेला. फ्रान्समधल्या पर्पिन्यांच्या फोटो पत्रकारितेच्या महोत्सवात, जिथे या धंद्यातले सगळे दिग्गज जमतात, तिथे पडद्यावर दाखवलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. शेवटी त्यालाच खोटं अकाउंट काढून स्वतःवर आरोप करावे लागले. ताईंसारखे लोक याला थोर प्रयोग म्हणतात. मला विचाराल तर त्याने आमचं घर जाळून आग कशी लागते ते दाखवलं. ज्या पानावर मॅग्नमचं नाव असतं त्या पानावर वाचक डोळे मिटून विश्वास ठेवतो, तो आमच्या आधीच्या पिढ्यांनी कमावलेला आहे, काहींनी जीव देऊन.

त्यानंतर २०२३ मध्ये ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेने कोलंबियातल्या पोलिसी अत्याचारांवर एआयची चित्रं टाकली, आंदोलकांची ओळख जपायला म्हणून. हेतू चांगला, पण अत्याचार खरे होते, फोटोही होते, आणि बनावट चित्रांमुळे खऱ्यावरच शंका घ्यायला लोकांना निमित्त मिळालं. ओरड झाली, चित्रं काढून टाकली. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे, असले प्रयोग गॅलरीत करा, बातमीच्या जागेत नको.

तिरपी रेघ

काका, ॲम्नेस्टीबद्दल पूर्ण सहमत, ती चूकच होती. बेंडिक्सनबद्दल नाही. त्याने गॅलरीत केलं असतं तर कुणीही फसलं नसतं आणि मग कळलं काय असतं? पर्पिन्यांमध्ये कुणाला दिसलं नाही हाच शोध आहे, आणि तो तिथेच लागू शकत होता. त्या महोत्सवात नंतर कुणीतरी हे पैसे घेऊन करणारच होतं, याने स्वतः पुढे येऊन सांगितलं.

निळीशाई, लायन्सचा आक्षेप मला मान्य आहे आणि तो त्या प्रदर्शनावरचा डागच आहे. पण 'स्वतःचा डेटासेट बांधला तरच चालेल' हे मान्य नाही. मोठ्या कंपन्यांच्या मॉडेलमध्ये काय दडलंय ते बाहेरून तपासायचं तर तेच मॉडेल वापरावं लागणार, रिडलरच्या ट्युलिपमधून मिडजर्नीच्या पागोटेवाल्या म्हाताऱ्याबद्दल काहीच कळणार नाही.

फिल्मरोल

शोध लागला म्हणता, पण किंमत कुणी मोजली? पुढच्या वेळी एखादा पोरगा युद्धातून खरा फोटो घेऊन येईल तेव्हा लोक त्याला पहिलं हेच विचारणार. त्यापेक्षा लायका या कॅमेरा कंपनीने २०२३ मध्ये एम११-पी कॅमेरा काढला, फोटो काढतानाच त्यात कुणी, कधी, कुठल्या कॅमेऱ्याने याची डिजिटल सही बसते आणि पुढे बदल केला तर तोही नोंदला जातो, अशा कामावर पैसे आणि डोकी लावा.

शून्यसंच

काका, सही चांगलीच आहे, पण व्हॉट्सॲपवरून एकदा फोटो पुढे गेला किंवा कुणी स्क्रीनशॉट काढला की ती माहिती गळून पडते. आणि घरातल्या ग्रुपवर येणारे फोटो असेच आलेले असतात. त्यामुळे सहीपाशी थांबता येणार नाही, बघणाऱ्यालाही तयार करावं लागणार, आणि एवढ्या एका बाबतीत मी ताईंच्या बाजूने आहे. फक्त तयारी करून घेताना 'हे डेटासेटचं चित्र आहे' असं सोपं करून सांगू नका. कुणी गाळलं, कुणी गुण दिले, वाक्यात कुणी शब्द घातले, हे पण शिकवा.

निळीशाई

आणि कुणाची चित्रं घेतली तेही. ते कंपन्या सहसा नावानिशी सांगत नाहीत.