ॲश्टन कुचर: गुंतवणूकदार म्हणून मान्य, कार्यकर्ता म्हणून?

मूळ मुद्दा
१९९८ साली सुरू झालेल्या एका विनोदी मालिकेमुळे घराघरांत पोहोचलेल्या या अमेरिकी अभिनेत्याने २०१० मध्ये गाय ओसीरी आणि रॉन बर्कल यांच्यासह 'ए-ग्रेड इन्व्हेस्टमेंट्स' काढून उबर, एअरबीएनबी यांसारख्या कंपन्यांत पैसा घातला. तीन कोटी डॉलरचे सुमारे पंचवीस कोटी झाले, असा हिशेब 'फोर्ब्स'ने २०१६ मध्ये मांडला. याविषयी माझी काहीच तक्रार नाही, कारण तिथे अंदाज चुकला तर ज्यांनी जाणूनबुजून पैसा लावला त्यांचाच तो बुडतो. परंतु तेव्हाची पत्नी, अभिनेत्री डेमी मूर हिच्यासह २००९ मध्ये स्थापन केलेली आणि पुढे 'थॉर्न' या नावाने ओळखली जाणारी संस्था मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्ध तंत्रज्ञान तयार करते, आणि तिच्या प्रमुख चेहऱ्याचा अंदाज चुकला तर त्याची झळ भलत्यांनाच बसते. केवळ प्रसिद्धीच्या बळावर अशा कामाचे नेतृत्व मिळणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद १
असहमत. फेब्रुवारी २०१७ मध्ये अमेरिकी सिनेटच्या परराष्ट्र व्यवहार समितीपुढे कुचरने साक्ष दिली, तेव्हा त्याने 'स्पॉटलाइट' या साधनाची माहिती दिली. ऑनलाइन जाहिरातींच्या ढिगाऱ्यातून मानवी तस्करीला बळी पडलेल्यांचा माग काढण्यासाठी ते पोलिसांना मदत करते. साधन अभियंत्यांनी बनवले हे खरेच, पण त्या अभियंत्यांपैकी कुणी साक्षीला गेला असता तर ती साक्ष देशभर कुणी पाहिली असती का? प्रसिद्धी हेही भांडवलच आहे, आणि ते त्याने उधळले नाही.

प्रतिसाद २
भांडवल म्हटले की दिवाळखोरीही आलीच. २०२३ मध्ये बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या डॅनी मास्टरसन या जुन्या सहकलाकाराच्या चांगल्या वर्तनाची ग्वाही देणारे पत्र कुचरने न्यायाधीशांना लिहिले, ते उघड झाले आणि सप्टेंबरमध्ये त्याला 'थॉर्न'चे अध्यक्षपद सोडावे लागले. शोषितांच्या बाजूने उभ्या असलेल्या संस्थेची पत एका माणसाच्या मैत्रीवर अवलंबून राहिली, यातच मूळ मुद्दा सिद्ध होतो.

प्रतिसाद ३
पत्राची चर्चा भरपूर झाली. मला ती तुलनेने किरकोळ वाटते. 'थॉर्न' ना-नफा संस्था असली तरी 'सेफर' नावाची आज्ञावली ती कंपन्यांना विकते, जी शोषणाची चित्रे ओळखून काढते. दुसरीकडे, मे २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने जो कायदा प्रस्तावित केला, त्यानुसार कंपन्यांना खाजगी संदेशांतही अशा चित्रांचा शोध घ्यायला भाग पाडता आले असते, आणि 'थॉर्न' त्या कायद्याच्या बाजूने उभी होती. ज्या सक्तीमुळे आपल्याच उत्पादनाची मागणी वाढेल तिचा पुरस्कार करणे गुंतवणूकदाराला शोभते, कार्यकर्त्याला नव्हे. फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकतील अशा कूटबद्ध संदेशांची गोपनीयता एकदा मोडली की ती फक्त गुन्हेगारांपुरती मोडत नाही, हा आक्षेप तज्ज्ञ सातत्याने घेत आले आहेत, आणि हळव्या साक्षीने त्याचे उत्तर मिळत नाही.

प्रतिसाद १ (पुन्हा)
हितसंबंधांचा आक्षेप गंभीर आहे, पण तो संस्थेच्या रचनेवर आहे. तिच्या प्रमुखपदी एखादा प्राध्यापक असता तरी तो तसाच लागू झाला असता. शिवाय विक्रीतून पैसा आला नाही, तर अशी साधने सतत अद्ययावत ठेवायची कुणाच्या देणगीवर?

मूळ मुद्दा मांडणारा
प्राध्यापकाला सभागृहात उलटतपासणीला सामोरे जावे लागले असते. अभिनेत्याला बहुधा टाळ्या मिळतात. विक्रीला माझा विरोध नाही. मात्र कायदा सुचवणाऱ्याने आपण काय विकतो हे त्याच बैठकीत, पहिल्याच वाक्यात सांगितले पाहिजे, आणि हा नियम कुचरइतकाच त्या प्राध्यापकालाही लागू असावा.