यंत्रदेही माणसांचे बंड आणि गडकऱ्यांचा दाखला
दूरच्या भविष्यात यंत्राशी एकरूप झालेल्या माणसांच्या युद्धाचा निकाल केवळ प्रगत शस्त्रांवर ठरेल, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. आम्हा कोल्हापूरकरांसमोर १८४४ च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या पिढीजात सैनिकांच्या, बंडाचा दाखला आहे: नव्या कारभारात पिढीजात हक्कांवर गदा आल्यावर, ज्या शिबंदीने सामानगड, भुदरगड राखायचे तीच ते अडवून उभी राहिली. यंत्रदेही माणसाचा गड म्हणजे त्याचे शरीर, आणि त्या गडाच्या किल्ल्या दुसऱ्याच्या हाती असतील. याची सुरुवात झालेलीच आहे. २०१७ मध्ये अमेरिकेत सायबर हल्ल्याच्या धोक्यामुळे सुमारे ४,६५,००० पेसमेकरांसाठी सॉफ्टवेअर-दुरुस्ती जाहीर करावी लागली. आर्गस टू या डोळ्यातील रोपणाचे उत्पादन थांबल्यावर तर ते बसवून घेतलेली माणसे दुरुस्तीविना, अक्षरशः वाऱ्यावर पडली. म्हणून उद्याच्या यंत्रदेही बंडखोरांची पहिली मागणी सत्तेची नव्हे, तर स्वतःचे अवयव स्वतः दुरुस्त करण्याच्या हक्काची असेल, असे मला मनापासून वाटते. त्या किल्ल्या हाती असलेल्या मध्यवर्ती यंत्रणेशी नाते तोडताच त्यांच्या देहाला वेढा पडेल, आणि सुटे भाग व दुरुस्ती जाणणारे हात किती वर्षे पुरतात, यावरच त्या युद्धाची मुदत ठरेल.