मदत हवी आहे: ४२९४९६७२९७ ला ६४१ ने भाग जातो हे लेकीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी, ऐरोलीत राहतो, लेक नववीत. रविवारी तिने विचारलं की २ चा ३२ वा घात अधिक १, म्हणजे ४२९४९६७२९७, ही मूळ संख्या आहे का, कारण फर्मा या जुन्या फ्रेंच गणितज्ञाला तसं वाटायचं. मी आपला लाइट बिलाच्या मागे भागाकार करत बसलो, ७ ने बाकी ५, १३ ने बाकी १०, मग कंटाळलो. शेवटी कळलं की ऑयलर या गणितज्ञाने १७३२ मध्येच ६४१ × ६७००४१७ असे अवयव काढलेत, तेही कॅल्क्युलेटरशिवाय! नंतर त्यानेच दाखवलं की हिचा कुठलाही मूळ अवयव ६४ च्या पटीत १ मिळवूनच येतो, म्हणजे तपासायच्या मूळ संख्या १९३, २५७, ४४९, ५७७ आणि पाचवी थेट ६४१.

पण असं का, हे नववीच्या पोरीला कळेल अशा भाषेत कोणी सांगेल का? ६४१ म्हणजे ५ × १२८ + १ आणि ६२५ + १६ पण, यातून काहीतरी शॉर्टकट निघतो एवढं दिसतंय, पुढे माझी गाडी अडलीये. आणि ६७००४१७ स्वतः मूळ आहे हे बघायला याच साच्यातल्या २५८८ पर्यंतच्याच मूळ संख्या तपासल्या तर चालेल ना? उद्या ठाणे लोकलमध्ये बसायला जागा मिळाली तर करून बघतो.