पेज, आटवल, निवळ : नेमका फरक कोणता?

सुपारीबाग : आमच्याकडे रत्नागिरीत पेज म्हणजे शितांसकट प्यायची ती. घाटावरची मंडळी भात वेळून काढलेल्या पाण्यालाही पेजच म्हणतात. मूळ अर्थ कोणता? पावसाळ्यात हलकं खायचं म्हणून करायची असेल तर तांदूळ कोणता आणि पाणी किती?

माजघर : दोन्ही अर्थ रूढ आहेत. शब्द संस्कृत ‘पेया’वरून आलेला, म्हणजे प्यायची ती. सुश्रुतसंहितेत भेद शितांवर केलाय : सिक्थ नसलेला तो मंड, सिक्थ असलेली ती पेया, भरपूर सिक्थ असलेली ती विलेपी. या ‘सिक्था’चंच मराठीत ‘शीत’ झालं. शितावरून भाताची परीक्षा करतो तेच हे शीत. त्या हिशेबाने तुमची शितांसकटची ती पेज. वेळलेलं पाणी किंवा पेजेवर जमणारी निवळ मंडाच्या घरची.

चुलवण : प्रमाण सांगते. उकडा तांदूळ १ वाटी, पाणी ८ वाट्या. तांदूळ दोन-तीन पाण्यांत चोळून धुवा, अर्धा तास भिजवा. पाण्याला आधण आलं की वैरा, झाकण तिरकं ठेवा, मंद आचेवर ४५ ते ५० मिनिटं. शीत बोटांत दाबलं की आत कणी लागता कामा नये, पण आकार राहिला पाहिजे. जरा पातळ वाटतेय तेव्हाच गॅस बंद करा, दहा मिनिटांत ती दाटते. मीठ शेवटी. सुरुवातीला घातलं तर पाणी आटतं, मीठ तेवढंच राहतं, पेज खारट होते. सोबत सुका बांगडा किंवा खारातली कैरी असेल तर आणखी कमी.

सुपारीबाग : सुरय, म्हणजे न उकडलेल्या, तांदळाची चालेल का? माझी खळ झाली.

चुलवण : होणारच. उकड्याचं भात सालासकट उकडून वाळवतात, मग भरडतात. त्यामुळे दाणा घट्ट बसतो, तासभर शिजला तरी मोडत नाही. सुरय तेवढ्या वेळात विरघळतो. तोच हवा असेल तर पाऊण वाटी घ्या आणि २० मिनिटांनंतर बघत राहा. नवा तांदूळ तर नकोच, चिकट होतो. पेज घट्ट झाली तर उकळतं पाणी घालून एक कढ आणा. गार पाणी ओतलं की शितं खाली, पाणी वर. कुकरमध्येही नको, फेस शिट्टीत अडकतो.

माजघर : नव्या तांदळाचं वैद्यकातही तसंच. वर्षा ऋतूत अग्नी मंद म्हणून चरकसंहिता जुने जव, गहू आणि शाली तांदूळ सांगते. तांदूळ आधी कोरडा, किंचित रंग बदलेपर्यंत भाजला की पेज आणखी हलकी होते. वर चिमूटभर सुंठ, जिरं.

नदीकाठ : मग आटवल कुठे बसते?

माजघर : विलेपीजवळ. आयुर्वेदाच्या जुन्या परिभाषेत पाणी असं : मंडाला तांदळाच्या चौदापट, यवागूला, म्हणजे तांदळाच्या कांजीला, सहापट, विलेपीला चौपट. साध्या भाताला मात्र पाचपट! चुकीचं वाटतं, पण ते बरोबर आहे, कारण तो भात वेळायचा असतो. चरकसंहितेतही नीट धुतलेला, पाणी काढून टाकलेला, गरम भात हलका म्हटलाय. विलेपीतलं पाणी टाकत नाहीत, आटवतात. आटवलीच्या नावातही तेच आटणं ऐकू येतं. म्हणून ‘आटवल म्हणजे घट्ट पेज’ हे मला पटत नाही. पेज पितात, आटवल मेतकूट-तुपाशी कालवून बोटांनी खातात. आणि तीच कण्यांची केली की कण्हेरी.

चुलवण : आटवलीला सुरय चांगला. १ वाटीला ४ वाट्या पाणी, शिजल्यावर पळीने घोटायचा. उकडा कितीही घोटलात तरी मिळून येत नाही.