भाच्याच्या मॅरेथॉनला पैसे द्यावेत की संस्थेला दरमहा?

प्रश्न: भाचा जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावतोय, एका संस्थेसाठी पाच हजार मागतोय. त्याला देऊ, की आनंदवनाला दरमहा पाचशे सुरू करू?

– मी एका वसतिगृहाचे हिशेब बघते. जूनमध्ये वह्या-गणवेशाला लोक हौसेने देतात. तेल, तूरडाळ, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार मात्र बाराही महिने लागतो. पाच तारखेला ठरलेले पाचशे जमा झाले की मी वाण्याला निर्धास्त शब्द देते. दरमहाच द्या, ताई.

– भाच्यालाही थोडे द्या की! पेडर रोडचा चढ सोपा नाही. शिवाय त्याच्यामुळे ऑफिसातली चार पोरं पहिल्यांदा देणगी देतील.

– ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, पावती मागा. २००० वरची रोख चालत नाही, सवलतही जुन्या करप्रणालीतच.