आठव्या महिन्यात आयल्ट्स (ठाणे / नवी मुंबई): तारीख कोणती, बाथरूमचं काय, सोयी कशा मागायच्या?

घोडबंदर_सिस्टर

स्टाफ नर्स आहे. यूकेच्या एनएमसी (तिथली नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल) नोंदणीसाठी आयल्ट्स अकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. २५ वा आठवडा चालू आहे, पहिलटकरीण. जीडीएम (गरोदरपणातला मधुमेह) आहे, सध्या फक्त आहारावर, इन्सुलिन नाही. ड्युटी आणि सुट्टी बघता दोनच तारखा जमतात: ३२ व्या आठवड्यात ठाण्यात किंवा ३६ व्या आठवड्यात नवी मुंबईत. दोन्ही कॉम्प्युटरवरच्या. घरचे म्हणतात बाळंतपण उरकल्यावर बघू.

विचारायचं एवढंच: १) कोणती तारीख धरू? २) मध्ये बाथरूमला जाता येतं का, वेळ वाढवून मिळतो का? ३) खुर्ची, खाणं, ग्लुकोमीटर यासाठी कोणाला आणि कधी सांगायचं? ४) त्या दिवशी सकाळपासून पाणी कमी प्यायलं तर चालेल का?

कोपरखैरणे_क्लास

३२ वा आठवडा घ्या. ३६ व्या आठवड्यात ३७ पूर्ण व्हायला जेमतेम आठवडा उरतो, कळा कधीही सुरू होऊ शकतात आणि भरलेली फी अडकते. शिवाय त्या सुमाराला डोकं खाली सरकलं की ओटीपोटावर दाब येतो, सलग अडीच तास बसणं कठीण जातं. बाळंतपणानंतरचे पहिले तीन महिने झोपेचं खोबरं झालेलं असतं, त्यात अभ्यास बसत नाही. घरच्यांचा सल्ला काळजीपोटी आहे, पण गरोदरपण सुरळीत असेल आणि तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर ३२ वा आठवडा बाळंतपणानंतरच्या काळापेक्षा सोपा.

दुसरं कारण एनएमसीचा नियम. त्यांना लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग प्रत्येकी ७ आणि रायटिंग ६.५ लागतं. पण दोन वेळा दिलेल्या परीक्षांचे गुण जोडता येतात. दोन्ही परीक्षा १२ महिन्यांच्या आत हव्यात, आणि दोन्हीपैकी कुठेही लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ६.५ च्या खाली किंवा रायटिंग ६ च्या खाली गेलेलं चालत नाही. म्हणजे आता रायटिंगला ६ आले आणि बाकी ७ आले, तरी ही परीक्षा वाया जात नाही. बाळ पाच-सहा महिन्यांचं झाल्यावर दुसऱ्यांदा बसून रायटिंग भरून काढता येतं. हा हिशेब आधीच माहीत असला की 'आत्ताच सगळं यायला हवं' हे दडपण उतरतं.

आता बाथरूम. लिसनिंग ३० मिनिटं, रीडिंग ६०, रायटिंग ६०, आणि मध्ये सुट्टी नाही. परवानगी घेऊन बाहेर जाता येतं, पण घड्याळ थांबत नाही. परत येताना ओळख पुन्हा तपासतात, त्यामुळे एका खेपेला पाच-सहा मिनिटं सहज जातात. सूचना चालू असताना सोडत नाहीत. लिसनिंगमध्ये तर उठूच नका, ध्वनिफीत एकदाच वाजते आणि गेलेला प्रश्न परत येत नाही.

म्हणून खेप कुठे मारायची ते आधी ठरवा. माझ्या मते रीडिंगमधला दुसरा उतारा संपल्यावर. रीडिंगचे तीन उतारे, ४० प्रश्न. सराव करताना १७, १७ आणि २० मिनिटांची विभागणी करा, म्हणजे सहा मिनिटं खेपेसाठी बाजूला राहतात. ती ६० मिनिटं पूर्ण वापरून सराव केलात तर परीक्षेत खेपेनंतर तिसरा उतारा हमखास अर्धवट राहतो, आणि सगळ्यात अवघड उतारा तोच असतो.

रायटिंगमध्ये टास्क २ आधी लिहा. त्याचं वजन टास्क १ च्या दुप्पट आहे, २५० शब्दांचा निबंध. कॉम्प्युटरवर दोन्ही टास्कमध्ये मागेपुढे जाता येतं. मध्येच उठावं लागलं तर तुटतो तो १५० शब्दांचा टास्क १ तुटावा, निबंध नव्हे. कागदावरच्या परीक्षेत लिसनिंगनंतर उत्तरं उतरवायला १० मिनिटं असतात, कॉम्प्युटरवर तपासायला फक्त २. जुन्या पुस्तकांतून सराव करणाऱ्यांचा इथे गोंधळ होतो.

सानपाडा_सेक्टर५

पीटीई (कॉम्प्युटरवरची दुसरी इंग्रजी परीक्षा) का नाही देत? दोन तासांत सगळं आटपतं, निकालही बहुतेक वेळा दोन दिवसांत.

कोपरखैरणे_क्लास

एनएमसी पीटीई धरत नाही. नर्सना आयल्ट्स किंवा ओईटी (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा). ऑस्ट्रेलिया किंवा कॅनडाचं काम असतं तर पीटीईचा विचार झाला असता, पण तिथेही ठरलेली सुट्टी नाही, आणि बोलायचा भाग मायक्रोफोनवर, शेजारी दहा जण एकदम बोलत असताना. आठव्या महिन्यात दम लागतो, मायक्रोफोन तीन सेकंद शांतता ऐकला की रेकॉर्डिंग बंद करतो. दम घ्यायला थांबलात की उत्तर तिथेच संपलं. आयल्ट्समध्ये समोर माणूस असतो, केंद्रावर किंवा व्हिडिओ कॉलवर. श्वास घ्यायला थांबलेली बाई त्याला कळते.

ओईटी नर्सना जवळची वाटते कारण पत्र रुग्णाबद्दल असतं, १८० ते २०० शब्दांचं. पण बाथरूमच्या हिशेबाने तीच जास्त अवघड. रीडिंगचा पार्ट ए नेमका १५ मिनिटांचा, एकदा संपला की मागे जाता येत नाही. त्यात एक खेप पडली तर तिसरा हिस्सा वेळ गेला.

लेबररूम_कळवा

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी: पाणी कमी करू नका. शरीरात पाणी कमी पडलं की पोट घट्ट होतं, लघवी दाट होते, संसर्गाला वाव मिळतो, आणि मूत्राशय चिडून उलट जास्त वेळा जावं लागतं. प्रमाण तेच ठेवा, वेळ बदला. सकाळी उठल्यापासून परीक्षेच्या दीड तास आधीपर्यंत नेहमीसारखं प्या, त्यानंतर फक्त घोट घोट. लेबल काढलेली पारदर्शक बाटली आत नेता येते. चहा-कॉफी त्या सकाळी टाळा, दोन्हींनी लघवी वाढते आणि जळजळही.

नोंदणी, फोटो, ठसे झाल्यावर हॉलमध्ये जायच्या अगदी आधी एकदा जाऊन या. बसून झाल्यावर लगेच उठू नका. अर्धा मिनिट थांबा, पुढे वाका आणि पुन्हा प्रयत्न करा. गर्भाशयाच्या दाबाने मूत्राशय एका वेळी पूर्ण रिकामं होईलच असं नाही, या दुसऱ्या प्रयत्नाने थोडा जास्त वेळ सुटका मिळते.

बसताना ढुंगण खुर्चीच्या पाठीपर्यंत मागे, गुडघे थोडे फाकलेले, पाय टेकलेले. टेबलावर ओणवं होऊन बसलं की बरगडीखाली कळ येते. दर दहा मिनिटांनी घोटे वर-खाली वीसेक वेळा हलवा, टेबलाखाली कोणाला दिसतही नाही. गरोदरपणात रक्त गोठायची शक्यता वाढलेली असते, त्यात पाय लोंबते ठेवून अडीच तास बसणं बरं नव्हे.

हात मुंग्या येऊन बधिर होत असतील, विशेषतः अंगठा आणि पहिली दोन बोटं, तर ती मनगटातल्या नसेवर सुजेचा दाब आहे. टाइप करताना मनगट टेबलाच्या कडेवर टेकवू नका. रात्री मनगटाला सरळ ठेवणारा पट्टा बांधून झोपलं की हळूहळू फरक पडतो, तेव्हा आत्ताच सुरू करा. बोटं सुजली की अंगठी अडकते, ठसाही नीट उठत नाही. अंगठ्या घरीच ठेवा.

जीडीएमसाठी: परीक्षेआधी दोन तास पोटभर, पण प्रथिनं असलेलं. दोन अंडी आणि एक भाकरी, किंवा मूगडाळीचं धिरडं. नुसते पोहे किंवा इडली खाल्ली तर साखर झपकन वर जाते आणि रायटिंगच्या वेळी खाली येते, नेमकं तेव्हाच डोकं चालायला हवं असतं.

आणि हे लक्षात ठेवा, परीक्षेच्या दिवशी यातलं काहीही असेल तर केंद्रावर जायचं नाही, थेट हॉस्पिटल: रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी, डोळ्यांपुढे अंधारी येऊन डोकं ठणकणं, किंवा दर दहा मिनिटांनी वा त्याहून लवकर नियमित पोट घट्ट होणं. तुम्ही स्वतः नर्स आहात, तरी लिहितेय. 'परीक्षा देऊन मग जाऊ' असं म्हणणाऱ्यांत नर्सच जास्त असतात.

घोडबंदर_सिस्टर

खूप आभार, ३२ वा आठवडाच धरते. मग सोयींसाठी अर्ज कुठे? आणि स्पीकिंग त्याच दिवशी ठेवू की वेगळ्या?

अर्ज_कागदपत्रं_वाशी

भारतात आयल्ट्स २०२१ पासून फक्त आयडीपी ही संस्था घेते, म्हणून अर्ज त्यांच्याकडेच. खास सोयींसाठी साधारण सहा आठवडे आधी कळवायचं असतं. तुमच्या हातात सातच आहेत, तेव्हा ईमेल या आठवड्यात जायला हवा. फी भरून झाल्यावर 'तिथे गेल्यावर सांगू' असं ठेवू नका. हॉलमधल्या पर्यवेक्षकाला स्वतःच्या अधिकारात काही देता येत नाही, तो यादीत काय लिहिलंय ते बघतो.

ईमेलमध्ये नुसतं 'मी गरोदर आहे' लिहिलं तर उत्तर येतं 'कृपया वैद्यकीय पुरावा जोडा', त्यात आठवडा जातो. डॉक्टरांचं पत्र लेटरहेडवर हवं, तारीख, सही, शिक्का, एमएमसी (महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल) नोंदणी क्रमांक, परीक्षेच्या दिवशी किती आठवडे असतील आणि जीडीएम आहे हे इंग्रजीत. मागणी वस्तूगणिक लिहा: दाराजवळची जागा, हात नसलेली रुंद खुर्ची, कमरेमागे छोटी उशी, हॉलबाहेर पण हाताशी ग्लुकोमीटर आणि खाऊ, बाथरूमला जायची परवानगी. घड्याळ थांबवून सुट्टी हवी असेल तर डॉक्टरांनी ती का लागते हे लिहायला हवं. नुसत्या गरोदरपणावर ती मिळेलच असं धरून तयारी करू नका, वर सांगितलेली सहा मिनिटांची सोय ठेवाच. मंजुरीचा ईमेल छापून फाइलला लावा, कारण आत फोन नेता येत नाही.

आजारपणामुळे परीक्षा हुकली तर वैद्यकीय दाखल्यासह पाच दिवसांत अर्ज करायचा. हे काम नवऱ्याला किंवा आईला आधी समजावून ठेवा, तुम्ही त्या वेळी वॉर्डात असाल. परीक्षा पूर्ण देऊन नंतर 'तब्येत बरी नव्हती' म्हटलं तर ऐकत नाहीत.

नाव: लग्नानंतर आधार बदललेलं असतं आणि पासपोर्ट माहेरच्या नावाचा. नोंदणी पासपोर्टप्रमाणेच करा, अक्षर न् अक्षर. केंद्रावर मूळ पासपोर्टच लागतो, झेरॉक्स किंवा आधार दाखवून आत सोडत नाहीत.

कोपरखैरणे_क्लास

स्पीकिंग ११ ते १४ मिनिटांचं. वेगळ्या दिवशी ठेवता येतं, मुख्य परीक्षेच्या आधी किंवा नंतर सात दिवसांच्या आत. केंद्र घरापासून अर्ध्या तासावर असेल तर वेगळा दिवस, त्यातही आधीचा. इमारत, लिफ्ट, बाथरूम किती लांब आहे हे सगळं त्या खेपेत बघून होतं. त्याच दिवशी ठेवलं तर मध्ये तीन-चार तास लॉबीतल्या खुर्चीवर जातात.

पार्ट २ मध्ये एक मिनिट तयारी आणि एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं, दम तिथेच लागतो. लांब वाक्यं जोडत बसू नका. सात-आठ शब्दांवर श्वास घ्यायचा सराव करा, ताठ बसून, फोनवर रेकॉर्ड करून. वाक्याच्या शेवटी घेतलेला श्वास ओघात धरला जातो, शब्दाच्या मध्ये तुटलेला अडखळल्यासारखा ऐकू येतो.

सानपाडा_सेक्टर५

प्रवासाचं मी सांगतो. घोडबंदरवरून निघताना माजिवडा आणि कापूरबावडी धरून नेहमीच्या दुप्पट वेळ ठेवा. ठाण्याचंच केंद्र असेल तर आदल्या रात्री स्टेशनजवळ कोणी नातेवाईक असतील तिथे मुक्काम करणं सगळ्यात बरं, खड्ड्यांतून रिक्षाने तासभर हादरे खाऊन परीक्षेला बसू नका.

पुढे-मागे नवी मुंबईला जायचंच झालं तर ठाणे स्टेशनच्या ९-१० नंबरवरून ट्रान्स हार्बर लोकल रस्त्यापेक्षा खात्रीची. गाडी तिथूनच सुटते, बसायला जागा मिळते. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बाईला बसता येतं, डॉक्टरांचा कागद जवळ असू द्या. रविवारची तारीख असेल तर शनिवारी मेगाब्लॉक बघा, बहुतेक वेळा अकरा ते चार असतो, म्हणजे जाताना गाडी मिळते आणि येताना अडकायला होतं. पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, तेव्हा कळव्यामार्गे गाडीने जायचा बेत नको.

लेबररूम_कळवा

एक राहिलं. बाहेर थांबणाऱ्या माणसाचा नंबर नोंदणीच्या टेबलावर लिहून द्या आणि त्याला इमारतीपासून लांब जाऊ देऊ नका. त्याच्याकडे एएनसी (गरोदरपणातल्या तपासण्यांची) फाइल, रक्तगटाचा कागद, शेवटची सोनोग्राफी, सॅनिटरी पॅड आणि हॉस्पिटलचा नंबर. केंद्रापासून सर्वात जवळचं, चोवीस तास प्रसूती विभाग आणि एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग) असलेलं हॉस्पिटल कोणतं ते आधी फोन करून विचारून ठेवा. ३२ आठवड्यांच्या बाळाला एनआयसीयू लागतंच, आणि आपलं नेहमीचं हॉस्पिटल घोडबंदरच्या त्या टोकाला असेल तर त्या क्षणी त्याचा उपयोग नाही.