टाईप १ मधुमेह असलेल्या २६ वर्षांच्या भावाला कोलेस्टेरॉलची गोळी: एवढ्या लवकर गरज असते का?

प्रश्न: मांजराकाठ (अंबाजोगाई तालुका)

माझ्या धाकट्या भावाला ११व्या वर्षी टाईप १ मधुमेहाचे निदान झाले. आज तो २६ वर्षांचा आहे आणि दिवसातून चार वेळा इन्सुलिन घेतो. शेतातल्या घरी फ्रीज नव्हता तेव्हा आमची आई इन्सुलिनची बाटली स्टीलच्या डबीत घालून ती डबी ओल्या वाळूच्या मडक्यात ठेवत असे, आणि मे महिन्यात त्या मडक्यावर दिवसातून तीनदा पाणी शिंपडण्याचे काम माझ्याकडे होते. सांगायचे एवढेच की, इन्सुलिनच्या बाबतीत आमच्या घरी कधी हयगय झाली नाही. मात्र गेली दोन वर्षे तो नोकरीसाठी लातूरला एकटा राहतो. त्याच्या जेवणाच्या वेळा बिघडल्या आहेत आणि मित्रांच्या संगतीने तंबाखू मळण्याची सवयही लागली आहे.

मागच्या महिन्यातील तपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) ९.४ टक्के, रक्तदाब १३८/८८, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८ आणि लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन किती जाते ते दाखवणारे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ८६ आले. डॉक्टरांनी रक्तदाबाच्या गोळीबरोबर रोज घेण्यासाठी रोजुवास्टॅटिन ही कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन गटातील गोळी लिहून दिली आहे. आमचे काका म्हणतात, "लेकराचं वय काय अन् हृदयाची गोळी कशाला? एकदा लागली की सुटत नसते." दुसरीकडे, शुगर असलेले आमचे मामा ४१व्या वर्षी झोपेतच गेले आणि त्यांनी छातीत दुखल्याची तक्रार कधीही केली नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही. भावाचा ईसीजी नॉर्मल आहे. मग ही गोळी खरोखर आवश्यक आहे का?

उत्तर १: फिजिशियन, लातूर

ताई, मी तुमच्या भावाला तपासलेले नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्याच्या डॉक्टरांचाच राहील. परंतु आपण दिलेले आकडे पाहता त्यांनी घाई केली असे मला वाटत नाही.

प्रथम ईसीजीविषयी. विश्रांतीच्या अवस्थेत काढलेला ईसीजी त्या क्षणी हृदय कसे चालले आहे एवढेच दाखवतो. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत रक्तवाहिन्यांचे काय होणार, हे त्यातून कळत नाही. आपल्याकडे पुष्कळ जण रक्तवाहिनीची तुलना ठिबकच्या नळीशी करतात आणि बोअरच्या जड पाण्याचे क्षार नळीत बसावेत तसे कोलेस्टेरॉल आत बसते असे समजतात. प्रत्यक्षात बिघाड भिंतीच्या आत होतो. वाढलेल्या साखरेमुळे वाहिनीचे नाजूक अस्तर दुखावते, एलडीएलचे कण त्या अस्तराखाली शिरून अडकतात, तेथे सूज येते, आणि अशी सुजलेली जागा एके दिवशी फाटली की तिच्यावर रक्ताची गुठळी जमून झटका येतो. ही प्रक्रिया वर्षानुवर्षे चालते. म्हणूनच केवळ वय पाहून चालत नाही, मधुमेहाला किती वर्षे झाली हेही धरावे लागते. तुमचा भाऊ २६ वर्षांचा असला तरी त्याच्या रक्तवाहिन्यांनी १५ वर्षांचा मधुमेह सोसलेला आहे.

२० ते ३९ या वयोगटातील प्रत्येक मधुमेहीला स्टॅटिन दिले जात नाही, ते हृदयविकाराचा धोका वाढवणाऱ्या इतर गोष्टी सोबत असतील तर दिले जाते. येथे वाढलेला रक्तदाब, वाढलेले एलडीएल, तंबाखू आणि लघवीतील अल्ब्युमिन अशा चार गोष्टी आहेत, शिवाय मामांचा मृत्यू हृदयविकारानेच झाला असेल तर तोही विचारात घ्यावा लागेल. मला यांपैकी सर्वांत जास्त काळजी अल्ब्युमिनची वाटते. ३० पेक्षा जास्त गुणोत्तर सातत्याने येत असेल तर मूत्रपिंडातील बारीक वाहिन्या झिरपू लागल्या आहेत असे समजावे, आणि ज्यांच्या मूत्रपिंडाला इजा सुरू झाली आहे त्यांच्या हृदयाचा धोकाही वाढलेला असतो.

मामांविषयी वाचून वाईट वाटले. नेमके कारण मला सांगता येणार नाही, पण दीर्घकाळच्या मधुमेहात हृदयाच्या नसा बधिर होऊ शकतात. अशा रुग्णांना छातीत न दुखता केवळ दम लागणे, घाम फुटणे, मळमळ किंवा अकारण थकवा एवढीच लक्षणे जाणवतात. घाम आणि थरथर यांमुळे साखर उतरल्याचाही भास होतो. म्हणून अशा वेळी ग्लुकोमीटरवर साखर पाहावी आणि ती उतरलेली नसेल तर "पित्त झाले असेल" म्हणून सोडा पाजत न बसता १०८ ला फोन करावा.

साखरेचे महत्त्व यामुळे कमी होत नाही. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात टाईप १ मधुमेहाच्या १४४१ रुग्णांवर डीसीसीटी हा अभ्यास झाला आणि ते सर्व १३ ते ३९ वर्षांचे होते. एका गटाचे एचबीए१सी ७ टक्क्यांच्या आसपास राखले गेले, दुसऱ्या गटाचे ९ च्या आसपास राहिले. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखीच झाली, तरीही २००५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या गटात झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे प्रमाण ५७ टक्क्यांनी कमी आढळले. तरुणपणी साखर आटोक्यात ठेवलेली ती सहा-सात वर्षे पुढे कित्येक वर्षे उपयोगी पडली.

उत्तर २: दुधनाकाठ (परभणी)

मला ९व्या वर्षापासून टाईप १ मधुमेह आहे आणि आता मी ३३ वर्षांची आहे. २०१८ साली स्वीडनमधील मोठ्या नोंदवहीवर आधारित एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १० वर्षांच्या आत हा आजार झालेल्या स्त्रियांचे आयुष्य सरासरी सुमारे १८ वर्षांनी आणि पुरुषांचे सुमारे १४ वर्षांनी कमी झालेले त्यात आढळले. ते वाचल्यावर मी दोन दिवस नीट जेवले नाही. मग माझ्या डॉक्टरांनी समजावले की ही सरासरी आहे, आणि तिच्यात साखर, रक्तदाब आणि तंबाखू यांकडे दुर्लक्ष झालेलेही सर्व जण आहेत.

मांजराकाठ ताई, भावाला तंबाखूबद्दल रागावू नका, असे मी कळकळीने सांगते. माझा नवरा तंबाखू खात असे आणि मी रागावले की तो लपवून खाई. तंबाखू मळून खाल्ली तरी निकोटीन रक्तात जातेच, नाडी आणि रक्तदाब वाढतो, त्यामुळे "मी विडी थोडीच ओढतो" या म्हणण्याला अर्थ नाही. आम्ही सरकारी दवाखान्यातील तंबाखूमुक्ती समुपदेशनाला दोघे मिळून गेलो तेव्हा कुठे ती सुटली.

येथे मुलीही वाचत असतील म्हणून आणखी एक सांगते. स्टॅटिन आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. बाळाचा विचार मनात आला की आधी डॉक्टरांशी बोलावे. माझ्या वेळी त्या आधीच बदलून दिल्या होत्या.

उत्तर ३: लॅब टेक्निशियन, जालना

लघवीच्या तपासणीबद्दल थोडे सांगतो. ताप, लघवीतील जंतुसंसर्ग किंवा आदल्या दिवशीचे अति श्रम यांमुळेही अल्ब्युमिन वाढलेले दिसू शकते. म्हणून तीन ते सहा महिन्यांत तीन नमुने तपासतात आणि त्यांपैकी दोन वाढलेले आले तरच बिघाड पक्का धरतात. सकाळची पहिली लघवी आणावी. साध्या पट्टीच्या तपासणीत "निल" आले म्हणून निर्धास्त राहू नये, कारण एवढे कमी अल्ब्युमिन त्या पट्टीला बहुधा दिसत नाही.

मांजराकाठ

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल रात्री भावाला फोनवर हे सगळे वाचून दाखवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग त्याने "मामांना घाम आला होता का गं?" एवढेच विचारले. आला होता. मामींनी त्यांचा सदरा बदलला होता. गोळी सुरू करायला तो तयार आहे. डॉक्टरसाहेब, ती रात्रीच घ्यावी लागते का, आणि परत रक्त कधी तपासायचे?

उत्तर: फिजिशियन, लातूर

रोजुवास्टॅटिन दिवसात कधीही घेता येते. रात्रीचे इन्सुलिन घेतो त्याच वेळी घेतली तर विसरणार नाही. लिपिडची (कोलेस्टेरॉलची) तपासणी ४ ते १२ आठवड्यांत पुन्हा करावी. स्नायू खूप दुखू लागले किंवा लघवी गडद रंगाची झाली तर लगेच डॉक्टरांना भेटावे, मात्र दोन दिवस पोटऱ्या दुखल्या म्हणून परस्पर गोळी बंद करू नये. रक्तदाबाचे यंत्र खोलीवर ठेवणे जमले तर पाहा, आणि आठवडाभराचे आकडे वहीत लिहून पुढच्या भेटीला ती वही सोबत न्यायला सांगा.